व्हर्च्युअल मशीनची डिस्क 'लॉक' का होते?

व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर. त्याची अख्खी हार्ड डिस्क आपल्याकडे बहुतेक वेळा एक फाइल असते, तिला डिस्क इमेज म्हणतात. ही फाइल एकाच वेळी दोन मशीननी उघडली तर? कुठली जागा रिकामी आहे याची नोंद प्रत्येक मशीन आपापल्या मेमरीत ठेवतं. दोघांनाही तीच जागा रिकामी दिसते, दोघंही तिथेच लिहितात आणि डेटाची वाट लागते. वाईट म्हणजे अनेकदा हे लगेच कळतही नाही.

म्हणून 2017 मध्ये आलेल्या क्यूएमू 2.10 पासून इमेज आपोआप लॉक होऊ लागली. दुसरा प्रोग्राम ती लिहिण्यासाठी उघडायला गेला की 'राइट लॉक मिळाला नाही' असा एरर येतो. वैतागून लॉकच बंद करू नका! आधी तेच मशीन मागे चालू राहिलंय का ते बघा. इमेजची नुसती माहिती हवी असेल तर 'फोर्स-शेअर' हा पर्याय आहेच.

लिनक्सवर हा लॉक कर्नल सांभाळतो, त्यामुळे प्रोग्राम बंद पडला की तो सुटतो. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये मात्र '.एलसीके' फोल्डर तयार होतं आणि क्रॅशनंतर ते कधी कधी तसंच उरतं. मशीन खरंच बंद असेल तरच ते डिलीट करा.