लाइन गेल्यावर काय उरतं? डिस्कच्या राइट कॅशचा इतिहास

मागच्या वेळी आपण फाइल सिस्टिमची रचना पाहिली. आज वेगाकडे येऊ, आणि त्या वेगासाठी काय गहाण पडतं तेही पाहू. अकोला-अमरावतीत हे फार समजावून सांगावं लागत नाही. भारनियमनाची वर्षं आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहेत.

मूळ दुखणं यांत्रिक. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत सरासरी चारेक मिलिसेकंद नुसतं थांबायचं. हेड सरकण्याचा वेळ वेगळा. प्रत्येक बारीक नोंद लगेच लिहायची म्हटली, तर सेकंदाला शंभरेक नोंदी होतात, बस्स. आता बघा, जिनिंगवाला एकेका बंडीतला कापूस आला की लगेच गाठ बांधत बसत नाही. आवारात गंजी लावतो. युनिक्सनं १९७० च्या दशकात हेच केलं. लिहायचा मजकूर मेमरीत साठवायचा, प्रोग्रामला 'झालं' म्हणायचं आणि दर ३० सेकंदांनी डिस्कवर उतरवायचं. एकच ब्लॉक दहादा बदलला तरी डिस्कवर एकदाच जातो.

पण मधेच लाइन गेली तर? १९९३ च्या एमएस-डॉस ६.० मध्ये स्मार्टड्राइव्ह असंच मागाहून लिहायचा. प्रॉम्प्ट दिसला की लोक बटण बंद करत, आणि फाइल जाई. त्याच वर्षीच्या ६.२ मध्ये लिहून होईपर्यंत प्रॉम्प्टच परत येईना. साधा उपाय, पण नेमका.

लिनक्समध्ये २००१ साली एक्स्ट३ आली. होणारा बदल आधी जर्नलमध्ये टिपायचा, मग जागेवर न्यायचा. लाइन आल्यावर सगळी डिस्क तपासत बसायला नको. खरी गोम मात्र पुढे आहे. डिस्कच्या पोटातही स्वतःची कॅश असते आणि ती लिहिण्याचा क्रम बदलते. 'नोंद पूर्ण' हा शिक्का आधी उतरला आणि नोंद राहून गेली, तर जर्नलच खोटं बोलतं. त्यावर बॅरिअर हा इलाज होता: एवढं खरोखर उतरव, मगच पुढचं. पण वेग घटतो म्हणून मूळ लिनक्सच्या एक्स्ट३ मध्ये तो २०११ पर्यंत आपोआप चालू नव्हता. एक्स्ट४ मध्ये २००८ पासूनच होता.

ज्यांच्या कंट्रोलरला बॅटरी होती, त्यांना ही सवलत परवडत होती. पण आपल्याकडे इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात कॉम्प्युटर रीस्टार्ट व्हायचा. आमच्या मते, डीफॉल्ट ठरवताना अशा गावांतला दुकानदार हिशेबात धरायला हवा होता. एसएसडीलाही कॅश असते. वीज गेल्यावर ती रिकामी करण्यापुरता साठा राखणारे कपॅसिटर सहसा महागड्या, सर्व्हरसाठीच्या एसएसडीतच सापडतात.