चिकलठाण्याची धावपट्टी आणि बीड रस्ता

वैमानिक आणि नियंत्रण मनोरा, म्हणजे उड्डाणाला परवानगी देणारी विमानतळावरील यंत्रणा, यांच्यातील विसंवादाचा इतिहास बहुधा रेडिओवरील संभाषणातून सांगितला जातो; 1996 साली हरियाणातील चरखी दादरीवर दोन विमानांची टक्कर होऊन 349 जण मृत्युमुखी पडले, त्यामागेही त्यांपैकी कझाक विमान नेमून दिलेल्या 15,000 फुटांखाली उतरल्याचे चौकशीत आढळले. छत्रपती संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, चिकलठाणा विमानतळावर 26 एप्रिल 1993 रोजी मात्र उणीव शब्दांची नव्हती. मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग 737 धावपट्टीच्या टोकापलीकडील बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला (मराठवाड्यात असा ट्रक नवलाचा नव्हेच) आणि पुढे उच्चदाबाच्या वीजतारांना धडकून कोसळले, आणि 118 पैकी 55 जण दगावले. वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलल्याचा ठपका चौकशीने ठेवला. परंतु उड्डाणाच्या वेळी या रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरल्याचेही तिने नोंदवले. मनोऱ्याचा रेडिओ वैमानिकापर्यंत पोहोचत होता. ट्रकचालकापर्यंत उड्डाणाची सूचना पोहोचवायला रस्त्यावर वेळेवर पडणारे फाटकच हवे होते.