कार्ल्याच्या पायऱ्यांवरचा बेंजो

चैत्र शुद्ध सप्तमीच्या आसपास जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर कार्ला फाट्याला उभं राहिलं, तर पालखी दिसायच्या आधी कानावर येते. पहिल्यांदा ताशाची तडतड, मग पॅडचे ठोके, आणि त्या सगळ्यावरून पत्रा कापत गेल्यासारखा बेंजोचा सूर. मुंबई, ठाणे, रायगडच्या कोळीवाड्यांतून आणि आगरी गावांतून पायी आलेली माणसं वेहेरगावला डोंगराच्या पायथ्याशी पोचल्यावरही नाचतात. एवढी मजल मारल्यावर हे बळ कुठून येतं, याचं निम्मं उत्तर कार्ल्याच्या डोंगरावरच्या एकवीरा आईकडे आहे आणि निम्मं या बेंजोकडे.

वाद्य मुळात जपानी. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी 1912 साली ते बनवलं. त्याच वर्षी ताइशो राजवट सुरू झाली होती, म्हणून त्याचं नाव ‘ताइशोगोतो’. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा आणि तारांवर टाइपरायटरच्या धर्तीच्या गोल कळा. डाव्या हाताने कळ दाबली की खालची धातूची पट्टी तारेवर बसते, उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. सूर शोधत बसायची गरज नाही. कळेखाली तो ठरलेलाच असतो. त्यामुळे उस्तादाकडे वर्षानुवर्षं न बसताही पोरं ते शिकली. हिंदुस्थानात आल्यावर ते ‘बुलबुल तरंग’ झालं आणि मुंबईच्या गल्लीत ‘बेंजो’. अमेरिकन बॅन्जोशी त्याचं नातं नावापुरतंच.

पण घरात गोड वाजणारं हे वाद्य रस्त्यावर ऐकूच येईना. म्हणून त्याला पिकअप लागला, पिकअपला अॅम्प्लिफायर, अॅम्प्लिफायरला भोंगे आणि या सगळ्याला वीज पुरवायला गाडीवर जनरेटर. आवाज फाटायचा, करकरायचा. तो फाटका आवाजच पुढे बेंजोची ओळख झाला.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत युरोपातले वादकही मुद्दाम फाटक्या आवाजाच्या मागे लागले होते, हा योगायोग गमतीचा आहे. थ्रॉबिंग ग्रिसल या इंग्रज मंडळींनी 1976 मध्ये स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि तिला ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ असं नाव दिलं. बर्लिनच्या आइनस्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटेनने 1981 च्या ‘कोलाप्स’मध्ये भंगार आणि पत्रे बडवले. 1994 मध्ये नाइन इंच नेल्सचा ‘द डाउनवर्ड स्पायरल’ अमेरिकेच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर उतरला, तोवर यंत्राचा खडखडाट ही विकली जाणारी कला झाली होती. आपल्याकडे त्या वाटेच्या जवळपास गेलं ते मुंबईचं पेंटाग्राम: विशाल ददलानीचा गळा, पपल मानेचा बेस आणि 2002 च्या ‘अप’ अल्बमपासून गिटारच्या बरोबरीने इलेक्ट्रॉनिक्स. ऐकणारा वर्ग कॉलेजातला, इंग्रजी बोलणारा.

मुंबईच्या गिरणगावाला मात्र यंत्राचा आवाज कलेसाठी शोधायची गरज नव्हती. तो पाळीगणिक कानावर आदळत होता. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि अनेक गिरण्यांचे भोंगे पुढे कायमचे थांबले. लालबाग-परळच्या ज्या गल्ल्यांत हे घडलं, त्याच गल्ल्यांत बेंजो पार्ट्या, म्हणजे बेंजोची वाद्यपथकं, वाजत होत्या. गणपती, नवरात्र, हळद, वरात अशा सुपाऱ्या घ्यायच्या आणि उरलेलं वर्ष मिळेल त्या कामावर काढायचं. रोलँडचं ऑक्टोपॅड 1985 मध्ये बाजारात आलं. पुढे ते इथेही पोचलं आणि ढोलकी-टिमकीच्या शेजारी आठ रबरी चौकोन बसले. जपानी पेटी, जपानी पॅड आणि मधे कोळी ठेका! कारखान्यातल्या मालातून घडलेलं कामगार वस्तीचं संगीत याला म्हणायचं नाही, तर कशाला?

मात्र या संगीताचा अल्बम नव्हता. अल्बम होता तो कॅसेटचा, आणि तो गाणाऱ्यांचा. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, एचएमव्हीची मक्तेदारी मोडली आणि कोळीगीतांना स्वतःचा बाजार मिळाला. वेसाव्याची ‘वेसावकर आणि मंडळी’ घरोघरी पोचली. एकवीरेच्या गाण्यांना तर गिऱ्हाईक शोधावंच लागलं नाही. ते दरवर्षी स्वतःहून डोंगर चढून येत होतं. त्या कॅसेटींची परीक्षणं वर्तमानपत्रांत सहसा आली नाहीत. बेंजोवाल्याने चाल उचलली का, हीच खरी पावती. शब्द गळून पडायचे, चाल उरायची आणि ती वरातीत चार गावं फिरून पुन्हा कार्ल्याला यायची.

एकवीरेचं देऊळ आहे कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी. आत सव्वाशे फूट लांबीचं, दोन हजार वर्षांपूर्वीचं लेणं, कमानीला अजून जुन्या लाकडी फासळ्या; बाहेर नवस, गुलाल, गर्दी. पलीकडे मळवलीजवळच्या भाजे लेण्यात तर एक बाई दोन उभे नगारे वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे, असं शिल्पच कोरलेलं आहे. मावळात ठेका नवा नाही.

गोंगाटाची तक्रार मात्र नवी आहे, आणि ती सगळी खोटीही नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये भोंग्यांवरची रात्री दहा ते सकाळी सहाची बंदी उचलून धरली. रात्रीच्या वरातीवर जगणाऱ्या पार्टीला हा फटकाच होता. गंमत अशी की बेंजोचं खरं नुकसान केलं ते त्याहून मोठ्या आवाजाने. डीजेला एक माणूस आणि भिंतीएवढे स्पीकर पुरतात. बेंजो पार्टीत डझनभर पोटं असतात. लोणावळ्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 2013 मध्ये एन्चांटेड व्हॅली कार्निव्हल सुरू झाला. तिथे तिकीट काढून तरुण रात्री नाचले, आणि तो गोंगाट नव्हे, महोत्सव ठरला.

बेंजोवाल्यांवर चित्रपट निघाला 2016 मध्ये. रवी जाधव यांचा ‘बॅन्जो’, नायक रितेश देशमुख. संगीत विशाल-शेखर यांचं, म्हणजे त्यातला विशाल पेंटाग्रामचाच. तिकीटबारीवर तो फारसा चालला नाही. सुपाऱ्या त्याच्या आधीही हळदीच्या, गणपतीच्या आणि चैत्रातल्या पालखीच्या होत्या. नंतरही त्याच राहिल्या.