पाथरी : रानातलं तण, भाकरीवरची भाजी

आज आपण ज्वारीच्या तासांत आपणहून उगवणाऱ्या एका पाल्याचा इतिहास बघणार आहोत. मुखेडच्या माणसाला पाथरी समजावून सांगायची गरज नाही. जमिनीला चिकटून पसरलेली कातरलेली पानं, तोडलं की पांढरा चीक, पिवळं फूल आणि शेवटी वाऱ्यावर उडणारी म्हातारी. (परभणीकडचं पाथरी गाव वेगळं.) शास्त्रात हिला लॉनिया प्रोकम्बेन्स म्हणतात. युरोप-अमेरिकेतली डँडेलायन ही हिची चुलत बहीण, दोघी सूर्यफुलाच्या कुळातल्या.

त्या बहिणीची गोष्ट आधी. डँडेलायन म्हणजे सिंहाचा दात. पानाच्या कातरीवरून फ्रेंचांनी दिलेलं नाव. तिकडं पानं कच्ची खात, मुळं भाजून कॉफीसारखं पेय करत. दुसऱ्या महायुद्धात रशियानं तिच्याच एका जातीच्या चिकापासून रबर काढलं. मग ती तण कधी झाली? 1830 मध्ये इंग्लंडात गवत कापायचं यंत्र निघालं आणि हिरवंगार, एकसारखं लॉन हळूहळू मध्यमवर्गाच्याही दारात आलं. त्यात पिवळं फूल खुपू लागलं. 1940 च्या दशकात टू-फोर-डी हे तणनाशक आलं. ते रुंद पानांची झाडं मारतं, गवताला धक्का लावत नाही. लॉनवाल्यांना आणखी काय हवं होतं?

आता आपल्याकडं या. ज्वारी हेही गवतच, म्हणजे ज्वारी राखून पाथरी मारणारं रसायन तेच. सोयाबीन रुंद पानांचं, तिथं टू-फोर-डी चालत नाही. म्हणून नांदेड-लातूरकडं सोयाबीन पसरलं तशी त्याच्यासाठी वेगळी तणनाशकं आली. आपल्याकडं त्यांना सरसकट 'औषध' म्हणतात, हा शब्द आम्हाला कायम खटकतो.

त्याआधी तण काढायचं ते खुरप्यानं, आणि खुरपं बायांच्या हातात. तास धरून बसत पुढं सरकायचं, हरळी-कुंदा बांधावर फेकायचा आणि पाथरी, घोळ, तांदुळजा ओटीत टाकायचा. पाथरी कवळी असेल तर शिजवायचीही गरज नाही. धुऊन, मीठ, तेल, शेंगदाण्याचा कूट लावून भाकरीवर घ्यायची. थोडी कडवट लागते, पण गोडी त्यातच आहे. म्हणजे एकाच झाडाला मालक तण म्हणत होता आणि खुरपणारी बाई संध्याकाळचं कोरड्यास.

इथं इतिहासकाराची अडचण सुरू होते. 1972 च्या दुष्काळाचं बोलणं निघालं की लोक मिलो आणि सुकडी सांगतात. सरकारी धान्याच्या नोंदी असतात, ते सापडतं. रोजगार हमीच्या हजेरीपटावर मजुरी सापडते. ओटीतली भाजी मात्र कोणत्याच कागदावर नाही. फवारणीनं किती मजुरी वाचली याचा हिशोब मालक तोंडपाठ सांगतो. पण त्या फवारणीत बाईचा रोज गेला आणि भाजीही गेली, हे दोन्ही एकत्र मांडलेलं आम्हाला कुठं दिसत नाही.

आणि सगळंच तण असं उपयोगी नसतं, हेही खरं. 1956 मध्ये पुण्यातून नोंद झालेलं गाजर गवत याच कुळातलं, पण त्याला ढोरंसुद्धा तोंड लावत नाहीत.

हल्ली कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो. तिथं स्टॉलवर पाट्या असतात, गुणधर्म लिहिलेले असतात. आमची विनंती वेगळी आहे. घरातल्या आजीला, मावशीला विचारा, त्या कुणाच्या रानात खुरपायला जायच्या आणि येताना काय आणायच्या. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. आणि बांधावर पाथरी दिसली तर तोडण्याआधी त्या रानात फवारणी कधी झाली ते नक्की विचारा.