‘लाव रे तो व्हिडिओ’

२०१९च्या लोकसभेला मनसेचा एकही उमेदवार नव्हता, तरी शीळफाट्याच्या चहाच्या टपऱ्यांवर मोबाइलमध्ये राज ठाकरेच गाजत होते. ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत ते सरकारच्याच जुन्या जाहिराती आणि भाषणं सभेत पडद्यावर दाखवत. मेळघाटातल्या हरिसाल या ‘डिजिटल गावा’च्या जाहिरातीतला तरुण तर त्यांनी थेट मंचावरच आणला. दाव्यापुढे पुरावा ठेवायची ही रीत माझ्यातल्या मास्तरला फार आवडली.

निकाल? युतीला ४८ पैकी ४१ जागा. व्हिडिओ पटला, तरी मतदान यंत्रावर इंजिनच नव्हतं. मग बटण कोणतं दाबायचं?

पाच महिन्यांनी विधानसभेला इंजिन यंत्रावर आलं. मनसेचा राज्यातला एकमेव आमदार निवडून आला तो आमच्या शेजारच्या कल्याण ग्रामीणमधून: राजू पाटील. तिथे पडद्यापेक्षा दारोदारची ओळखच कामी आली, असं मला वाटतं. २०२४ला तीही जागा गेली.