आजोबांच्या हाताखाली

पेणमध्ये गणपतीचा कारखाना बहुधा घरालाच लागून असतो. १८९३मध्ये टिळकांनी उत्सवाला सार्वजनिक रूप दिलं, मूर्तींची मागणी वाढत गेली आणि पुढे हे काम हमरापूर, जोहे या गावांतही पसरलं.

शाडू मळायचा, साच्यात दाबायचा, सांधे ओल्या बोटाने पुसायचे. एवढं नातवंडालाही जमतं; डोळ्यांची आखणी मात्र मुरलेल्या हाताचीच. मातीतला ओलावा किती हवा, हे आजोबांशेजारी बसून बोटांना जसं कळतं, तसं पुस्तकातून कळणं अवघड.

रोह्यातली शिकवणी निराळी. १९२०मध्ये तिथे जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले बारा वर्षांचे झाले, तेव्हा आजोबांनी नातवासाठी प्राचीन तपोवनांच्या धर्तीवर स्वतंत्र अभ्यासक्रमच आखला.