शस्त्रक्रियेनंतर वाकून का चालायचे?

बाळंतपणानंतर किंवा पुष्कळ वजन उतरवल्यानंतर अनेकांच्या पोटावर सैल कातडी लोंबत राहते. व्यायामाने चरबी कमी होते, पण फार ताणली गेलेली त्वचा पूर्ववत होत नाही. हे वर्गात सहज दाखवता येईल. दोन सारखे फुगे घ्या. एक फुगवून आठवडाभर ठेवा, मग त्यातली हवा सोडा. न फुगवलेल्या फुग्याशेजारी तो मोठा आणि सुरकुतलेला दिसेल. त्वचेतील लवचीक तंतूंचे साधारण असेच होते.

ही जादा त्वचा व चरबी काढून, गरज असल्यास पोटाचे दुरावलेले स्नायू मध्यरेषेवर जवळ आणून शिवण्याच्या शस्त्रक्रियेला ॲब्डॉमिनोप्लास्टी म्हणतात. बोलण्यात तिला 'टमी टक' असे नाव आहे. तिच्यानंतर रुग्णाला सांगतात : लवकर उठून चाला, पण कमरेत वाकून चाला; नळी सांभाळा; पट्टा बांधा; जड उचलू नका. या सूचना चमत्कारिक वाटतात. विश्रांती घ्यायची, तर चालायचे कशाला? आणि चालायचे, तर ताठ का नाही? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आपल्याला शंभर वर्षांहून अधिक मागे जावे लागेल.

1890 मध्ये फ्रान्समधील देमार व मार्क्स यांनी पोटावरील त्वचा व चरबी काढल्याची नोंद केली. 1899 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील हॉवर्ड केली यांनी पोटावर आडवा छेद घेऊन अशीच शस्त्रक्रिया केल्याचे प्रसिद्ध केले. त्या काळी हेतू सौंदर्याचा नसे. लोंबत्या पोटाच्या ओझ्याने हालचाल कठीण होई, शिवाय पुष्कळांना हर्नियाही असे. चरबीबरोबर अनेकदा बेंबीही काढून टाकली जाई. 1957 मध्ये व्हर्नन यांनी बेंबी जागीच ठेवून, वरून ओढून घेतलेल्या त्वचेत तिच्यासाठी नवे छिद्र करण्याची पद्धत मांडली. ब्राझीलचे इव्हो पिटांगी यांनी 1967 मध्ये 300 शस्त्रक्रियांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांचा छेद ओटीपोटावर खाली, कपड्यांत झाकला जाईल असा होता.

पण त्वचा बेंबीच्या वरपर्यंत सुटी केली की तिच्याखाली पोकळी राहते आणि पोकळीत द्रव साचतो. म्हणून नळी घालतात. 1998 मध्ये बारौदी व फेरेरा यांनी गोधडीला घालतात तसे टाके आतून घालून ही पोकळी बंद करण्याची पद्धत सांगितली. तशा टाक्यांमुळे काही शल्यचिकित्सकांना नळीची गरज भासत नाही. सुट्या केलेल्या त्वचेचा रक्तपुरवठाही कमी झालेला असतो. धूम्रपानाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि त्वचेचा भाग मरू शकतो. म्हणून आधी व नंतर काही आठवडे तंबाखू पूर्ण बंद करावी लागते.

आता चालण्याकडे वळू. जुना समज असा, की पोट उघडल्यावर टाके सुटू नयेत म्हणून रुग्णाने कित्येक दिवस अंथरुणातच पडून राहावे. ज्या 1899 साली केलींची नोंद आली, त्याच साली शिकागोच्या एमिल रीस यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना लवकर उठवावे असे लिहिले. फार थोड्यांनी ते मनावर घेतले. वास्तविक रक्ताचा प्रवाह मंदावणे हे गुठळी होण्याचे एक कारण आहे, हा विचार जर्मनीतील रुडॉल्फ फिर्शो यांच्या 1856 मधील कामापर्यंत मागे जातो. पायातील अशी गुठळी सुटून फुफ्फुसात अडकली तर जीव जाऊ शकतो. अखेर 1941 मध्ये डेट्रॉइटच्या डॅनियल लाइटहाउझर यांनी रुग्णांना लवकर चालवण्याचा जोरदार पुरस्कार केला. 1944 मध्ये विल्यम डॉक यांनी पूर्ण विश्रांतीचे दुष्परिणाम मांडले. महायुद्धाच्या काळात खाटा व परिचारिका अपुऱ्या पडल्या, त्यामुळेही ही पद्धत रुळली.

टमी टकमध्ये हा धोका विशेष लक्षात ठेवावा लागतो. स्नायू आवळल्याने पोटातील दाब वाढतो आणि पायांकडून येणारे रक्त रेंगाळते. म्हणून चालायचे. मात्र ताठ उभे राहिले तर नव्याने शिवलेल्या त्वचेवर ताण येतो. म्हणून पहिला आठवडाभर, कधी त्याहून थोडे अधिक, वाकून चालायचे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पायात आहे, दुसऱ्याचे टाक्यांत!

आता अपेक्षा काय ठेवावी? शस्त्रक्रिया साधारण दोन ते चार तासांची, पूर्ण भूल देऊन होते. पहिले काही दिवस खोकताना, हसताना, अंथरुणातून उठताना दुखते. नळी बहुधा एक-दोन आठवड्यांत निघते. बैठे काम दोन ते चार आठवड्यांनी जमते, जड उचलणे सुमारे सहा ते आठ आठवडे वर्ज्य. दिवसभर उभे राहून फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात नेणाऱ्या शिक्षिकेला दिवाळीची सुट्टी पुरेलच असे नाही. सूज काही महिने राहते, बेंबीखाली बधिरपणा रेंगाळतो. एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंतचा व्रण फिकट व्हायला वर्ष लागते, आणि तो पुसला कधीच जात नाही. पुढे गरोदरपण आले किंवा वजन वाढले तर पोट पुन्हा ताणले जाते. वजन कमी करण्याचा हा उपाय नव्हे.

पोटरी एकाएकी सुजली वा दुखू लागली, धाप लागली किंवा छातीत दुखले, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. बाकी सूचनांबद्दल आम्ही एवढेच सुचवू, की त्यांची यादी हाती पडली तर प्रत्येकीपुढे 'का?' असे लिहावे आणि शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वी त्याचे उत्तर डॉक्टरांकडून घ्यावे. विद्यार्थ्यांना आपण जी सवय लावतो, ती येथेही उपयोगी पडते.